माय, पेटी तुझ्या नावानं भरली

माय, मेडिकलवाल्याच्या बिलावर तुझं नाव चढवलं म्हणून माझ्यावर तोंड सोडू नको, त्यात सगळी चूक तुझीच आहे. तूच माझ्या डोक्यात ते भरवून ठेवलं. नाहीतर मी एवढी नातवंडाला टेकलेली बाई, गावातले लोक माझ्या तोंडाला भितात, सरपंचाला उभ्यानं सुनावते, अन् एका कापसाच्या गुंडाळीला हात लावताना माझी बोटं लटलट कापतात? कोणाला सांगू हे? सांगितलं तर हसतील. तू मेलीस अन् सुटलीस. तुझी भीती मात्र मागं ठेवून गेलीस, अन् अशी ठेवली का कुठं नेऊन टाकता येत नाही. इतकी वर्षं झाली, तुला एक शब्द बोलली नाही मी. आज बोलते. तिसरी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, चुका काढत बसू नको, तुला तर तेही येत नव्हतं.

आधी पेटीचं सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही. मागच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी रपट्याच्या ठेंगण्या पुलावरून गेलं ते उतरायचं नावच घेईना. दवाखाना त्या काठाला, डांबरी रस्ता त्या काठाला, आपण सारे या काठाला. तेव्हा कोणाला मोठं काही झालं नाही. एका बुढ्याची बीपीची गोळी संपली, एका पोट्ट्याच्या पायात पत्रा घुसला, निभलं. पण लोक भ्याले. मग या उन्हाळ्यात ग्रामसभा बसली. नवीन नर्सबाई आली आहे, कोवळीच आहे, ती उभी राहून बोलली का गाव तुटलं तरी गावात काही हाताशी असावं, एक पेटी भरून ठेवू. पट्ट्या, कापूस, मीठ-साखरेच्या पुड्या, तापाच्या गोळ्या, टॉर्च, कात्री, सगळं. पेटी कुठं ठेवायची? तर म्हणे जिथं पाणी चढत नाही तिथं. टेकाडावर माझंच घर. मागून एक जण बोलला, "ठेवा काकूच्याच घरी. काकूले पाहून बिमारी रपट्यावरूनच वापस जाईन." सारी सभा हसली. मीही हसली. काकू, ठेवता का, असं मला कोणी विचारलंच नाही. अन् मी नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, अन् कारण तू.

काही सामान सरकारी आलं, बाकीचं आमच्या बचतगटानं आणायचं ठरलं. तालुक्याच्या गोरेगावला बाजाराच्या दिवशी मी एकटीच एसटीनं गेली. भाजी घेतली नाही, मिरची घेतली नाही, आधी ते काम संपवून टाकावं म्हटलं. नर्सबाईनं लिहून दिलेला कागद दुकानदारासमोर ठेवला. तो गोंदियाकडचा, हिंदीच बोलते. काचेवर एकेक वस्तू मांडून राहिला अन् मी पाहून राहिली. रुंद पट्टी. अरुंद पट्टी. जळल्यावर लावायचं मलम. कोण जळणार आहे, माय? सगळं मांडून झालं अन् तो मशीनवर बोटं ठेवून विचारते, "पेशंट का नाम?"

"पेशंट नाही."

"अरे बाई, इतना सारा सामान और पेशंट नहीं? किसके लिए है?"

"कोणासाठीच नाही. असंच, घरी ठेवायले."

"नाम डाले बिना बिल नहीं निकलता. किसी का भी बोल दो."

किसी का भी! त्याला काय, त्याच्या तोंडाला कुलूप नाही. मागं एक माणूस तापलेलं लेकरू खांद्यावर घेऊन उभा, तो म्हणाला, "बोला ना वो बाई लवकर, माही बस जाऊन राहिली." अन् मी उभीच. घरधन्याचं, पोरीच्या बापाचं नाव सांगू? तो रोज ट्रॅक्टरवर बसतो. माझं सांगू? मग घर कोण पाहील? शेजारणीचं नाव तर अगदी ओठावर आलं होतं, सांडपाण्यावरून आमचं जुनं भांडण आहे, पण तिची रांगणारी नात डोळ्यापुढं आली अन् मी ते नाव गिळलं. अन् मग तुझं नाव तोंडातून निघालं. तुला आता काय होणार आहे? ना ताप येणार, ना साप डसणार. मनात म्हटलं, घे, आता गावाचं सगळं दुखणं माझ्या मायच्या नावावर जमा होऊ दे, तिनंच शिकवलं, तीच निस्तरेल. त्यानं विचारलं, "उमर?" मी तू गेलीस तेव्हाचं वय सांगितलं. बाहेर येऊन एसटीत बसल्यावर ध्यानात आलं, मी आता तुझ्याहून मोठी झाली. मोठ्या बहिणीसारखी तुझं सामान मांडीवर घेऊन बसली होती, अन् बाई-माणसं विचारत होती, कोणाचं काय झालं वो, कोणाचं काय झालं.

तुला आठवते का, बाबाच्या पायावर कुऱ्हाड बसली होती ते? जंगलात लाकूड तोडायच्या मजुरीवर गेला होता, बैलगाडीत निजवून आणला. मी लहान, परकर घालायची. त्याच्या पायाला रोज नवीन पट्टी, ती पट्टी बदलताना तो दात खात होता अन् तू तोंड फिरवत होतीस. पण पाय भरून आला. ज्या दिवशी तो काठीशिवाय अंगणात चालला, त्या दिवशी तू उरलेल्या पट्ट्या, मलमाची अर्धी नळी, गोळ्या, सगळं एका फडक्यात बांधलं अन् तलावाच्या पाळीवर गेलीस. मी मागं मागं आली. माझ्या परकराच्या गाठीत मी एक गुंडाळी लपवली होती, बाहुलीला पातळ करायला. पांढरी, कोरी, तिला बाबाचं रक्तही लागलं नव्हतं. तुला ती दिसली. तू माझ्या कानशिलात अशी दिली का मला तलाव फिरताना दिसला. "दवाई घरात राहिली का बिमारीले वाटते, हे आपली वाट पाहून राहिले. मंग ते येते. तुले बापाचा दुसरा पाय पाह्यजे का?" अन् ती गुंडाळी तू नाही फेकली, मला फेकायला लावली. मी फेकते. ती बुडत नाही. पाण्यावर पडते अन् उलगडत जाते, लांब, आणखी लांब, पांढरी, पार कमळाच्या पानांपर्यंत. तू म्हणतेस, "मांगं पाहू नोको." मी मागं पाहिलं होतं, माय. अजून दिसते ती मला.

तेव्हापासून आपल्या घरात औषध कधी राहिलं नाही. बिमारी गेली का पाण्यात. माझं लग्न झालं तरी सुटका नव्हती, कारण तू मला गावातच दिलीस, चार घरं सोडून. तू येऊन माझ्याही घरचा भिंतीतला आळा धुंडाळत होतीस. सासू हसायची, म्हणायची, तुही माय जप्ती करायले आली वो. मीही मग तसंच करू लागली. आजवर माझ्या घरात तापाची गोळी उरली तर मी ती पोरीला दिसू न देता नेऊन टाकते. कोणी डोकं दुखते म्हणून गोळी मागायला आलं तर मी सांगते, आमच्याकडं नसते. लोकांना वाटते मी कंजूस आहे. वाटू दे.

अशा बाईच्या घरात पेटी आली. निळी, प्लास्टिकची, झाकणावर लाल अधिकची खूण. धानाच्या कोठीजवळ ठेवली आहे, जाता येता दिसते. भरायला बसली तर नर्सबाई बाजूला उकिडवी बसून एकेक वस्तू हातात देते अन् ती कशाची ते सांगते, अन् मला माणसं दिसतात. बांबूच्या कामट्या दिल्या, हाड मोडलं तर बांधायला. मला झाडावरून पडलेला कोणीतरी दिसला, फक्त तोंड दिसेना. रुंद पट्टी दिली, म्हणाली, साप चावला तर दोरी आवळून बांधायची नाही, चिरायचं नाही, माणसाला हलू द्यायचं नाही, हातपाय कामटीला धरून पट्टी गुंडाळायची अन् पहिल्या संधीला दवाखान्यात पोचवायचं. मी ऐकलं सगळं, ध्यानात ठेवलं, कारण ऐकावं लागते. पण त्याच दिवशी शेजारणीच्या शेतात, धानाच्या बांधीत नाग निघाला. धानाची रोपं, पऱ्हे उपटणाऱ्या बाया ओरडत बांधावर चढल्या. कोणाला डसला नाही, निघून गेला. मी घरी येऊन पेटीकडं पाहत बसली. दुसऱ्या दिवशी नर्सबाईला म्हटलं, "पट्टी ठेवली अन् साप आला. काढा ते."

"मावशी, साप पेटी पाहून येत नाही. बेडूक पाहून येतो. धान रोवण्याच्या दिवसांत दरवर्षी येतो."

"तुम्हाले बोलायले काय जाते? तुम्ही संध्याकाळी त्या काठाले जाऊन झोपता."

मला वाटलं लागलं तिला. मग बॅगची चेन लावत म्हणाली, "म्हणूनच तर भरते ना मावशी. मी नसते तेव्हासाठी."

मला राग आला, माझा राग तुला माहीत आहे. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. आता गावात चालते तेव्हा मी लोकांच्या तोंडाकडं पाहते, पायाकडं पाहते. ही पट्टी कोणाची? ही पुडी कोणाची? परवा विहिरीवर एक सून म्हणाली, "काऊन अशी पाहून राहिली वो काकू? मले मापून राहिली का?" सगळ्या हसल्या. मापतच होती मी.

पुड्यांचं तर बोलूच नको. मीठ-साखरेच्या पुड्या माझ्या हातात आल्या तशी मी त्या नर्सबाईच्या हातात परत दिल्या, म्हटलं तुम्हीच ठेवा. तिला काय ठाऊक. पण तुला ठाऊक आहे. माझी पोरगी तेव्हा दुडूदुडू चालत होती, तिला हगवण लागली, तेव्हाच्या नर्सनं ओंजळभर पुड्या दिल्या. पोरगी पुड्यांवर जगली, माय, तूच तिला चमच्या चमच्यानं पाजलं. ती हसायला लागली, पाटावर बसून भात खाल्ला, अन् तू उरलेल्या सगळ्या पुड्या पदरात घेऊन पाळीवर गेलीस. मी पाहून राहिली होती. मी काही बोलली नाही, तुला कोण बोलणार? मग रोवणा लागला. तू माझ्यासंग बांधीत वाकली होतीस, तहान लागली म्हणून बांधीतलंच पाणी ओंजळीनं पिलीस, आपण सगळ्याच पीत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला सुरू झालं. वरून अन् खालून. दुपारपर्यंत तुझे डोळे आत गेले, बोटांची कातडी बांधीत दिवसभर राहिल्यासारखी चुरगळली. अन् वरून पाऊस. चार जणांनी तुला खाटेवर उचललं. आपण नाल्यापर्यंत येतो अन् रपटा नाही. म्हणजे आहे, पण पाण्याखाली. नुसतं तांबडं पाणी, त्यात झाडं वाहत चालली. त्या काठाला दवाखान्यातला माणूस आला आहे, कोणीतरी सायकलवर पुढं निरोप धाडला होता पाणी चढायच्या आधी. तो सलाईनची बाटली हातात धरून उभा आहे. तो दिसते. त्याच्या हातातली बाटली दिसते. तो ओरडून काहीतरी सांगते, पाण्यात ऐकू येत नाही. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन तुला ओंजळीनं साधं पाणी पाजते, ते बाहेर येते, पुन्हा पाजते. तू डोळे उघडून म्हणालीस, "पोरीले भात देला का?" देला म्हटलं. मग काही बोलली नाहीस. पाणी उतरलं तेव्हा त्या माणसानं इकडं येऊन तुझा हात धरून पाहिला अन् बाटली तशीच परत नेली.

मी तेव्हापासून हा हिशेब लावून राहिली, तो लागत नाही. घरात ठेवलं तर बिमारी येते असं तू म्हणत होतीस. तू ठेवलं नाहीस. मग आली कशी? अन् आली तेव्हा एक पुडी घरात असती तर? नर्सबाई म्हणते, असती तर बहुतेक वाचली असती तुमची आई. तिनं हे सहज सांगितलं, पेटी पुसत पुसत. मी उठून घरामागच्या सांदवाडीत गेली अन् शेळीला उगाच शिव्या दिल्या. तर मग मला सांग, तू चुकलीस हे मला कळते, चांगलं कळते, तरी माझे हात काऊन कापतात?

आता खरं काय ते सांगते. ती दुडूदुडू चालणारी पोरगी आता दोन जिवांची आहे. पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणं माझ्याकडं आली, नववा महिना भरत आला आहे. गोरी झाली आहे, पाय सुजतात, सारखी खाते. पेटीला ती भीत नाही. दुपारी मी शेतात गेली का उघडून बसते, एकेक वस्तू काढून मोबाईलवर नवऱ्याला दाखवते. मला म्हणते, "आई, तू पेटी उघडते तवा असं तोंड करते जसा आतमधून कोणी तुले नाव घेऊन बोलावते." मी म्हटलं, गप राय. गेल्या आठवड्यात नर्सबाई आली अन् तिनं बॅगेतून एक पाकीट काढलं. बाळंतपणाचं. आत साबण, कोरं ब्लेड, नाळ बांधायचा धागा, हातमोजे, प्लास्टिकची चादर. म्हणाली, हे मला वापरायचं नाही, वापरायची पाळी येऊ नये, पण पाणी आलं अन् दिवसही भरले तर गावात हे असावं. अन् माझ्यासमोर तिनं काळा पेन काढला अन् त्या पाकिटावर माझ्या पोरीचं नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात. मी तिचा हात धरेपर्यंत लिहून झालं होतं. "नाव कायले लिहिलं?" मी ओरडली. ती दचकली. "मावशी, दुसरी कोणी वापरू नये म्हणून." पोरगी मात्र खुश, "पाहा वो आई, माझं नाव पेटीत."

दुकानात तुझं नाव सांगून मी वाचली होती. इथं कशी वाचू? ती गेल्यावर मी थुंकी लावून पुसलं, राकेल लावून पुसलं. नाव जात नाही. मग मी ते पाकीट पेटीतून काढलं अन् धानाच्या कोठीत खोल खुपसलं. पेटीत नाही म्हणजे घरात असून नसल्यासारखं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. हसू नको. तुझ्याकडून शिकली. तलावावर नेऊन टाकावं असंही आलं होतं मनात, पाळीपर्यंत गेलीही. पाणी पाहिलं अन् मला तो नाल्याकाठचा माणूस दिसला, बाटली धरून उभा. परत आली.

काल नर्सबाई पेटी तपासायला आली. एकेक मोजलं. "मावशी, बाळंतपणाचं पाकीट कुठं आहे?"

"उंदरानं नेलं असेल."

"उंदीर ब्लेड घेऊन गेला?"

"आजकालचे उंदीर काय सांगता येते?"

पोरगी खो खो हसली, पोट धरून. नर्सबाई हसली नाही. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, अन् पहिल्यांदा तिनं आवाज खाली आणला. म्हणाली, "मावशी, वरच्या धरणातून पाणी सोडायचं बोलून राहिले. तुम्ही भिता ते मला समजते. शुक्रवारी दवाखान्याची गाडी येते, दिवस भरत आलेल्या बायांना तिकडं नेऊन ठेवायला. तिकडं खाट आहे, डॉक्टर आहे, तुम्हीही संग राहू शकता. पोरीला गाडीत बसवा. अन् पाकीटही पेटीत परत ठेवा, कारण शुक्रवारच्या आधीच पाणी आलं तर माझ्या हातात काही नाही." मग मी कोठीत हात घातला अन् ते पाकीट काढून दिलं. धानाचा भुसा झटकून तिनं ते पेटीत ठेवलं. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी भांडली असती.

आता पोरगी म्हणते मी जाणार नाही. "माहेरी आली ते दवाखान्यातल्या खाटेवर पडायले का? तुझ्या हातचं खायले आली." तिचा बाप म्हणतो, "पोरगी म्हणते तर राहू दे, पाणी येईन का नाही कोणाले माहीत." सगळे माझ्याकडं पाहून राहिले, कारण या घरात माझं चालते. अन् माझंच चालत नाही. ठेवली अन् पाणी आलं, तर तिच्या नावाचं पाकीट इथं तिची वाट पाहूनच राहिलं आहे. पाठवली, तर गाडी त्याच रपट्यावरून जाणार, जिथं तू माझ्या मांडीवर गेलीस. दिवस भरायच्या आधी खाटेवर नेऊन निजवणं म्हणजे दुखणं बोलावणं नाही का? तू असतीस तर असंच म्हटली असतीस. तुझाच आवाज आहे हा, माझा नाही. मी सकाळी रपट्यावर जाऊन आली. पाणी अजून खालच्या दगडाला लागून चाललं आहे, पोट्टे मासे धरून राहिले होते. पण वर आभाळ काळं आहे अन् वारा बंद.

म्हणून विचारते. ही चिठ्ठी कुठं टाकायची मला माहीत नाही, पोस्टमन तुझ्याकडं येत नाही. इथंच माझ्या लुगड्याच्या घडीत राहील. पण तू ऐकत असशील तर ऐक. आज मंगळवार आहे. स्वप्नात येऊन नुसती दारात उभी राहू नको, तसं तू आधी केलं आहे अन् मला काही समजलं नाही. कावळा, पाल, डोळा फडफडणं, यातलं काही धाडू नको. तोंडानं बोल. पाठव म्हण, नाहीतर ठेव म्हण. अन् ते औषधाचं, बिमारी वाट पाहते ते, तुला कोणी सांगितलं होतं, तू कुठं पाहिलं होतं, का तूच आपल्या मनानं धरलं होतं, तेही सांग. एवढ्या वर्षांत मी तुला हे विचारलंच नाही.

एक सांगू? तू बोलू नये असंच वाटून राहिलं मला. तू गप्प राहिलीस तर मी समजेन का तुलाही काही माहीत नव्हतं. बाबाचा पाय पाहून तू भ्याली होतीस, बस, तेवढंच, अन् मी सारा जन्म त्यालाच ज्ञान समजत आली. मग मी पोरीचा हात धरून तिला गाडीत चढवीन, ती रडली तरी चढवीन, अन् तिच्या बाजूला मी बसीन. रपट्यावर डोळे मिटून घेईन, पण बसीन. पण तुला खरंच काही ठाऊक असलं, माय, तर दाबून ठेवू नको. गुरुवारी दिवे लागायच्या आत सांग. शुक्रवारी मी तुझं ऐकणार नाही.